टूट्स हिबर्ट आणि रिकामी सम

गोव्यात एखाद्या शॅकमध्ये संध्याकाळी बॉब मार्ली लागतो आणि मंडळी डोलायला लागतात. डोलणं सगळ्यांना जमतं. अडचण येते टाळीची. आरतीत, भजनात टाळ्या देत मोठं झालेलं आपलं शरीर पहिल्या मात्रेवर ठणठणीत टाळी देतं, आणि इथे त्या जागी कोणीच नसतं. ड्रम गप्प, गिटार गप्प, बऱ्याचदा बाससुद्धा अजून यायचा असतो. मग माणूस बावरतो, टाळी सोडतो आणि पुन्हा नुसती मान हलवायला लागतो.

ठेक्यातली सगळ्यात मानाची जागा मोकळी ठेवायची आणि तरीही लोकांना नाचवायचं, ही करामत जमैका या कॅरिबियन बेटावर साधारण दहा वर्षांत घडली. ती कशी घडली हे समजून घ्यायला मार्लीच्याच मागे जायला हवं असं नाही. त्याचा चेहरा टी-शर्टांवर इतक्यांदा पाहिलाय की त्याच्याकडे बघताना गाणं ऐकू येईनासं झालंय. मी त्याच्याच काळातला दुसरा गायक निवडतो: टूट्स हिबर्ट. या संगीतानं जेवढी वळणं घेतली त्या जवळजवळ प्रत्येक वळणावर हा गृहस्थ उभा होता. अपवाद एकाच वळणाचा. तेव्हा तो तुरुंगात होता.

मे पेनचा धाकटा मुलगा

फ्रेडरिक नथॅनियल हिबर्टचा जन्म ८ डिसेंबर १९४२ चा, क्लॅरेंडन परगण्यातल्या मे पेन गावचा. सात भावंडांत हा सगळ्यात धाकटा. आईवडील सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे धर्मोपदेशक, त्यामुळे पोरगा बोलायला लागला तो जवळजवळ गातच. पण आईवडील दोघंही त्याच्या लहानपणीच गेले आणि तो किंग्स्टनला ट्रेंचटाउनमध्ये भावाकडे आला. तिथे एका न्हाव्याच्या दुकानात कामाला लागला. काम करता करता गायचा, येणारेजाणारे ऐकायचे. रॅली गॉर्डन आणि जेरी मथायस हे दोन गायक त्याला याच दिवसांत भेटले आणि १९६२ च्या सुमारास तिघांचे ‘द मेटल्स’ झाले.

चर्चमधून त्यानं काय आणलं हे नीट बघायला हवं, कारण पुढचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये उपदेशक एक ओळ टाकतो आणि जमाव तिला उत्तर देतो. उत्तर ठरलेलं असतं, त्याची वेळही ठरलेली असते. त्यामुळे उपदेशक मोकळा राहतो. तो ओळ लांबवतो, तोडतो, एकच शब्द सात वेळा म्हणतो, मध्येच नुसता हुंकार देतो. जमाव जागेवर आहे तोवर त्याला हरवायची भीती नाही. टूट्सनं तीन जणांत हीच व्यवस्था बसवली. रॅली आणि जेरी जमावाच्या जागी, तो उपदेशकाच्या. पुढे त्याच्या कार्यक्रमांत तो वाद्यवृंदाला आकडा सांगायचा, एक, दोन, तीन, आणि वादक तेवढेच ठोके देऊन थांबायचे. प्रेक्षक वेडे व्हायचे. यातली युक्ती संगीताइतकीच प्रवचनाची होती.

अंगणातला मोठा आवाज

आता गायक सोडून थोडं यंत्रांकडे जाऊ. १९५० च्या दशकातल्या किंग्स्टनमध्ये गरीब वस्तीतल्या माणसाला घरी ग्रामोफोन परवडत नव्हता आणि हॉटेलातल्या बँडचं तिकीटही. त्यावर तोडगा निघाला तो ‘साउंड सिस्टिम’चा. टर्नटेबल, हातानं जोडलेला ॲम्प्लिफायर आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर एखाद्या मोकळ्या अंगणात मांडायचे. दारावर थोडं तिकीट, आत रम आणि बिअर. मालकाची कमाई त्यावर.

या धंद्यात जिंकायचे दोनच मार्ग होते. एक, शेजारच्या अंगणापेक्षा मोठा आवाज. दोन, शेजाऱ्याकडे नसलेलं गाणं. ड्यूक रीड आणि क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड हे त्यातले बडे मालक. अमेरिकेतून रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या आणायच्या आणि त्यांवरचं लेबल खरवडून टाकायचं, म्हणजे गाणं कुणाचं हे प्रतिस्पर्ध्याला कळू नये. पण दशकाच्या शेवटी अमेरिकेची आवड रॉक अँड रोलकडे वळली आणि किंग्स्टनला हव्या तशा तबकड्या मिळेनाशा झाल्या. गिऱ्हाईक तर दारात उभं. तेव्हा मालकांनी स्थानिक पोरांना धरून गाणी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. १९६३ मध्ये डॉडनं ब्रेंटफर्ड रोडवर ‘स्टुडिओ वन’ उघडला. मेटल्सनी सुरुवातीची गाणी गायली ती या डॉडसाठीच.

म्हणजे हे संगीत घरात बसून ऐकायला झालंच नाही. ते उघड्यावर, गर्दीत, मोठ्या स्पीकरवर वाजायला झालं, आणि त्याचा परिणाम सुरांवर झाला. आवाजाची लाट जितकी खालच्या पट्टीची तितकी ती लांब. सेकंदाला पन्नास कंपनं असलेल्या बासच्या सुराची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. एवढी लांब लाट भिंतीला, माणसांच्या गर्दीला वळसा घालून पुढे जाते. वरच्या पट्टीचे सूर मात्र आडव्या आलेल्या वस्तूंवर अडतात. त्यामुळे दोन गल्ल्या पलीकडच्या माणसाला अंगणातून ऐकू येतो तो आधी बास. तो ऐकून तो कुठल्या अंगणात जायचं ते ठरवतो. अशा बाजारात बास गिटार मागे राहीलच कशी? इतर संगीतात आधाराला असलेलं हे वाद्य जमैकात हळूहळू चाल सांगायला लागलं.

ठेका बदलला तो असा

चार मात्रा मोजा: एक, दोन, तीन, चार. न्यू ऑर्लिन्सच्या ब्लूजमध्ये पियानो पहिल्या-तिसऱ्याच्या मधल्या जागांवर हलका ठोका द्यायचा. जमैकाच्या ‘मेंटो’ या लोकसंगीतात बँजोही काहीसं तेच करायचा. किंग्स्टनच्या वादकांनी तो हलका ठोका ठळक केला. गिटार आणि पियानो दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर कापल्यासारखे वाजायला लागले, ड्रमचा मोठा आघात तिसरीवर आला, आणि वर ट्रम्पेट-सॅक्सोफोनची फौज. लय जलद. हा झाला ‘स्का’. ६ ऑगस्ट १९६२ ला जमैका स्वतंत्र झाली तेव्हा वाजत होता तो हाच.

स्कामध्ये पहिली मात्रा अजून रिकामी नव्हती. कारण बास. तो प्रत्येक मात्रेवर पाऊल टाकत चालायचा, पहिलीवरही. पोकळी पडली ती १९६६ च्या सुमारास, लय खाली आली तेव्हा. का आली? त्या वर्षीचा उन्हाळा इतका कडक होता की जलद नाचवेना, अशी एक लोकप्रिय गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण मला पैशाचं कारण जास्त पटतं. स्काचा सगळ्यात नामांकित वाद्यवृंद, स्कॅटलाइट्स, १९६५ मध्ये फुटला. फुंकवाद्यांची फौज पोसणं महाग होतं. चार-पाच वादक आणि इलेक्ट्रिक बास एवढ्यात काम भागू लागलं, आणि माणसं कमी झाल्यावर जागा रिकामी झाली. त्या जागेत बासला श्वास घ्यायला मिळाला. तो चालणं सोडून बोलायला लागला: तीन-चार सूर, मग थांबा, मग पुन्हा तीन-चार सूर. या मंद रूपाचं नाव ‘रॉकस्टेडी’.

१९६८ मध्ये पुन्हा लय चढली, ऑर्गन दोन्ही हातांनी खळखळत मधल्या जागा भरायला लागला, गिटारचा एक काप दोन कापांचा झाला. त्याच वर्षी मेटल्सचं ‘डू द रेगे’ आलं. या संगीताचं नाव तबकडीवर पहिल्यांदा छापलं गेलं ते या गाण्यावर, असं मानलं जातं. गंमत म्हणजे हे सुरुवातीचं रेगे चांगलंच धावरं होतं. आपण ज्याला रेगे म्हणून ओळखतो तो सुस्त, खोल ठेका स्थिरावला त्यानंतरच्या काही वर्षांत. त्यात ड्रमवादक पहिल्या मात्रेवर हात आवरतो आणि पायाचा-हाताचा आघात एकत्र टाकतो तो तिसरीवर. वादक याला ‘वन ड्रॉप’ म्हणतात.

आपल्याकडच्या माणसाला हे तालाच्या भाषेत चटकन कळेल. तीनतालात समेवर सगळे भेटतात. गवय्या, तबलजी, श्रोता, सगळ्यांची मान तिथेच एकदम झुकते. आणि तालाच्या मध्यावर, नवव्या मात्रेवर, खाली येते. तिथे टाळी नाही, हात नुसता बाजूला होतो, तबल्यावरचा बायाँचा घुमारा विरतो. वन ड्रॉपनं या दोघांची अदलाबदल केली. खाली आली पहिल्या मात्रेवर आणि वजन गेलं मध्यावर. पण ऐकणाऱ्याच्या अंगात सम आधीपासून मुरलेली असते. ती वाजली नाही म्हणून नाहीशी होत नाही. शरीर ती स्वतः भरतं, गुडघ्यानं, मानेनं, खांद्यानं. रेगे ऐकताना डोलणं आपोआप येतं ते यामुळे. वादकानं सोडलेली मात्रा नाचणारा वाजवत असतो. टाळी मात्र चुकते, कारण टाळीला दुसऱ्या आवाजाची सोबत लागते आणि तिथे ती नसते.

(सगळं रेगे असंच असतं असं नव्हे. सत्तरीच्या उत्तरार्धात पहिल्या मात्रेवर, काही वेळा चारही मात्रांवर, पायाचा ड्रम ठोकणारे प्रकार आले. पण ते या मोकळ्या जागेला कंटाळून आले, तिच्याशिवाय त्यांचीही गंमत कळत नाही.)

> करून बघा
> कुठलंही संथ रेगे गाणं लावा. आधी गिटारचा तुटक ‘चक्’ शोधा. तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. त्यावर हलकी टाळी धरा. मग दोन टाळ्यांच्या मध्ये ड्रमचा जड ठोका ऐकू येईल, तो तिसरीवरचा. आता जिथे काहीच वाजत नाही तिथे पाय ठेवा. ती पहिली.

ज्या वळणावर तो नव्हता

स्वतंत्र जमैकानं १९६६ मध्ये राष्ट्रीय महोत्सवासाठी लोकप्रिय गीतांची स्पर्धा सुरू केली. पहिलंच बक्षीस मेटल्सच्या ‘बॅम बॅम’ला मिळालं. तिघं यशाच्या शिखरावर, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस टूट्सला गांजा बाळगल्याबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली.

गांजाचं प्रकरण इथे आपल्या अंगणातून जातं. १८४५ पासून जमैकाच्या ऊसमळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले गेले, सत्तरेक वर्षांत सुमारे ३६ हजार. त्यांतले बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. गांजा ओढण्याची रीत आणि त्याचं नावही त्यांच्यासोबत गेलं, मळ्यांवरच्या आफ्रिकी वंशाच्या मजुरांनी उचललं, पुढे रास्ताफारी पंथात त्याला प्रसादाचं स्थान मिळालं. कायद्याच्या लेखी मात्र तो गुन्हाच होता. टूट्स नंतर सांगत असे की आपल्याला यात नाहक गोवलं गेलं.

तो आत गेला तेव्हा स्काची मैफल आटोपत आली होती. बाहेर आला तेव्हा रॉकस्टेडीचा भर ओसरत होता. अख्खं एक पर्व त्याच्यावाचून गेलं. सुटल्यावर तो गेला लेस्ली काँगकडे. हा चिनी वंशाचा जमैकन, ऑरेंज स्ट्रीटवर ‘बेव्हर्लीज’ नावाचं आइसक्रीम आणि तबकड्यांचं दुकान चालवणारा. काही वर्षांपूर्वी जिमी क्लिफ नावाच्या पोरानं दुकानाच्या नावावरच गाणं रचून त्याला निर्मितीच्या धंद्यात ओढलं होतं. काँगकडे टूट्सनं तुरुंगावर गाणं केलं, ‘५४-४६ दॅट्स माय नंबर’. कैदी-क्रमांकाचं गाणं म्हणून ते जगभर गाजलं. तो आकडा आपण मनानंच घातला होता, असं त्यानं पुढे एका मुलाखतीत सांगून टाकलं. मला त्यात फसवणूक वाटत नाही. आकडा गाण्यात बसायला हवा, तुरुंगाच्या नोंदवहीत नाही.

‘स्वीट अँड डँडी’नं १९६९ ची स्पर्धा जिंकली. ‘प्रेशर ड्रॉप’, ‘मंकी मॅन’ याच दोन-तीन वर्षांतली. या काळात काँगच्या स्टुडिओत भेटलेले बासवादक जॅकी जॅक्सन आणि ड्रमवादक पॉल डग्लस पुढे जवळजवळ आयुष्यभर त्याच्यासोबत राहिले. १९७१ मध्ये काँग हृदयविकारानं अचानक गेला, चाळिशीही गाठली नव्हती.

पैसा कुठे जायचा?

एक गोष्ट वाचकाला खटकली असेल: पहिल्या नऊ-दहा वर्षांत हे तिघे डॉडकडे, मग प्रिन्स बस्टरकडे, मग बायरन लीकडे, मग काँगकडे. इतकी धरसोड का? कारण त्या धंद्यात गायकाला गाण्याचे एकरकमी पैसे मिळायचे. पुढे तबकडी किती खपली याच्याशी त्याचा संबंध उरत नसे. त्यामुळे उत्पन्न वाढवायचा रस्ता एकच, नवीन गाणं. आणि बरी किंमत मिळवायचा रस्ताही एकच, नवीन मालक. छोट्या बेटावर इतकी प्रचंड संख्येनं गाणी का निघाली, याचंही अर्धं उत्तर इथे आहे.

दुसरं अर्धं उत्तर ‘रिडिम’ नावाच्या व्यवस्थेत आहे. रिडिम म्हणजे गाण्यातला बास आणि ड्रमचा सांगाडा. वादकांना एकदा पैसे देऊन तो मुद्रित केला की निर्माता त्यावर वेगवेगळ्या गायकांना उभं करतो. एकाच सांगाड्यावर दहा गाणी, कधी पन्नास. यात चोरी केल्याची भावना कुणाच्या मनात नसते. उलट ऐकणारे ओळखीचा बास सुरू झाला की हात वर करतात आणि नवा गायक आता काय करतो ते बघतात.

‘बॅम बॅम’चंच बघा. १९८२ मध्ये सिस्टर नॅन्सी या तरुण गायिकेनं ‘स्टॅलाग’ नावाच्या जुन्या रिडिमवर मेटल्सच्या त्या ध्रुपदाचा धागा धरून स्वतःचं ‘बॅम बॅम’ केलं. बास एकाचा, ध्रुपद दुसऱ्याचं, शब्द तिसरीचे. त्यातले तुकडे पुढे लॉरिन हिलपासून कान्ये वेस्टपर्यंत अनेकांनी आपल्या गाण्यांत वापरले. आणि नॅन्सीला तिच्या या गाण्याचं मानधन तीस वर्षांहून जास्त काळ मिळालं नाही. ज्या व्यवस्थेनं हे संगीत इतकं सुपीक केलं तिनंच गाणाऱ्याला उपाशी ठेवलं. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, रेगेच्या प्रेमात पडलेल्यांना कितीही वाटलं तरी.

बेटाबाहेर

ब्रिटनमध्ये युद्धानंतर आलेल्या जमैकन कामगारांच्या वस्त्या होत्या, त्यामुळे तिथे बाजार तयारच होता. ‘मंकी मॅन’ १९७० मध्ये ब्रिटिश विक्रीयादीत पोचलं. १९७२ मध्ये पेरी हेन्झेलचा ‘द हार्डर दे कम’ हा चित्रपट आला. जिमी क्लिफ नायक. आणि एका प्रसंगात मेटल्स स्टुडिओत ‘स्वीट अँड डँडी’ गाताना दिसतात. अमेरिकेत हा चित्रपट इंग्रजी उपशीर्षकं देऊन दाखवावा लागला, पण त्याच्या गाण्यांची तबकडी खूप घरांत पोचली. मग ‘आयलंड रेकॉर्ड्स’नं ‘फंकी किंग्स्टन’ बाजारात आणलं आणि गटाचं नाव ‘टूट्स अँड द मेटल्स’ झालं.

तरी मार्ली जगाचा झाला आणि टूट्स जाणकारांचा राहिला. माझ्या मते याचं कारण आवाजाच्या दर्जात नाही. टूट्स काकणभर सरसच गायचा. त्याची तुलना अमेरिकी सोल गायक ओटिस रेडिंगशी होत असे. पण आयलंडच्या ख्रिस ब्लॅकवेलनं मार्लीचा गट गोऱ्या रॉक श्रोत्यांपुढे रॉक बँडसारखा मांडला, बंड आणि पंथ यांची कहाणी त्याच्याभोवती विणता आली. टूट्स गायचा खेड्यातलं लग्न, चर्च, शेजारीपाजारी. अशा माणसाचं पोस्टर करून खोलीत कोण लावणार? इंग्लंडच्या पंक पोरांना आणि स्का नव्यानं वाजवणाऱ्या ‘टू-टोन’ पोरांना मात्र तो बरोबर सापडला. द क्लॅशनं ‘प्रेशर ड्रॉप’ घेतलं, द स्पेशल्सनं ‘मंकी मॅन’. १९८० मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ पॅले सभागृहातला त्याचा कार्यक्रम मुद्रित होऊन २४ तासांच्या आत तबकडीच्या रूपात विकायला आला.

त्यानंतर मूळ तिघं फुटले. टूट्सनं १९८८ मध्ये मेम्फिसला जाऊन सोल गाण्यांचा संग्रह केला. २००४ च्या ‘ट्रू लव्ह’मध्ये विली नेल्सन, एरिक क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्स त्याच्या जुन्या गाण्यांत साथीला आले आणि त्याला ग्रॅमी मिळाली. २०१३ मध्ये अमेरिकेत रिचमंडला गाताना प्रेक्षकांतून भिरकावलेली बाटली त्याच्या डोक्याला लागली. तीन वर्षं तो मंचावर आला नाही. बाटली फेकणाऱ्या १९ वर्षांच्या मुलावर दया करावी, असं पत्र मात्र त्यानं न्यायाधीशांना लिहिलं.

२०२० साली, ७७ व्या वर्षी, ५४ वर्षांपूर्वी जिंकलेल्या त्याच महोत्सव-स्पर्धेत तो पुन्हा उतरला आणि अंतिम फेरीत पोचला. ऑगस्टअखेर ‘गॉट टू बी टफ’ हा नवा संग्रह आला. ११ सप्टेंबरला तो किंग्स्टनच्या रुग्णालयात वारला. त्या संग्रहाला पुढच्या मार्चमध्ये ग्रॅमी मिळाली.

ऐकायचं ठरवलंत तर सुरुवात ‘फंकी किंग्स्टन’पासून करा, मग १९६८-७० ची काँगकडची गाणी, आणि मग मागे वळून १९६६ चं ‘बॅम बॅम’. त्यातला बास आणि नंतरचा बास यांतला फरक लगेच कळेल. फक्त फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. एवढ्याशा स्पीकरमधून इतके खालचे सूर बाहेर पडतच नाहीत, आणि उरतो तो नुसता गिटारचा ‘चक्’. बरा हेडफोन लावा, किंवा ज्याच्याकडे मोठे स्पीकर आहेत अशा मित्राच्या घरी जा.